सगळ्यात चांगलं ब्लेड कुठलं?

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. नेहमीची विचारपूस वगैरे काही नाही, एकदम मुद्द्यावर.

"अरे, सगळ्यात चांगला रेझर घेऊन दिलाय मी त्याला. पाच पात्यांचा! तरी मान बघ त्याची, सोलून निघालीये नुसती. नीट दाढीच करत नाही हा मुलगा. तुझं ऐकतो तो, तू सांग जरा समजावून."

'तो' म्हणजे आमचे भाचेबुवा. वय वर्षं एकोणीस. हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय आणि सध्या एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगला आहे. तिथला नियम असा की रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून यायचं. दोनदा त्याच्या नावापुढे 'दाढी अस्वच्छ' असा शेरा पडला. शेरा पडला म्हणून हा जास्त घासायला लागला. घासलं म्हणून पुटकुळ्या वाढल्या. पुटकुळ्या वाढल्या म्हणून तिसऱ्या वेळी साहेबांनी सांगितलं, पाहुण्यांसमोर येऊ नकोस. त्याची रवानगी झाली मागच्या कोठीत, बटाट्याची पोती मोजायला. ट्रेनिंगचे मार्क त्या शेऱ्यांवर ठरतात आणि पुढची नोकरी त्या मार्कांवर. म्हणजे विषय दिसतो तितका किरकोळ नव्हता.

शनिवारी तो घरी आला. खिडकीशी उभं करून मान वर करायला सांगितली. हनुवटीच्या खाली दोन्ही बाजूंना लाल पुरळ, काही फोड पिकलेले, आणि जवळून पाहिलं तर दोन-तीन ठिकाणी केस बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच वळून बसलेला. केस कुरळा आहे त्याचा. डोक्यावरचा आणि दाढीचाही. (हे आमच्या घराण्याचं नाही, जावईबापूंकडून आलेलं आहे. ते वाचत असतील तर राग नसावा.)

"मामा, मी रोज दोन-दोनदा करतो रे," तो म्हणाला. "मलाच जमत नाही बहुतेक."

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हा लेख.

कारण त्याला दाढी जमत नव्हती असं अजिबात नव्हतं. त्याच्या हातात दिलेलं हत्यार त्याच्या दाढीचं नव्हतं, इतकंच. आणि आपण सगळे, म्हणजे ताई, हॉटेलचे साहेब, जाहिरातवाले आणि (थांबा, सांगतो) मी स्वतः, त्या पोराला सांगत होतो की चूक तुझी आहे.

आता हे पाच पात्यांचं प्रकरण मुळात काय आहे ते बघा. एकाहून जास्त पात्यांच्या रेझरची कल्पना अशी की पहिलं पातं केसाला जरा ओढतं, आणि तो पुन्हा आत जायच्या आधी मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. म्हणजे केस कातडीच्या पातळीच्याही खाली तुटतो. सरळ केसाच्या माणसाला याचा फायदा आहे, गाल संध्याकाळपर्यंत गुळगुळीत राहतो. पण केस कुरळा असेल तर? आत तुटलेला तो टोकदार केस वाढताना वळतो आणि बाहेरची वाट सोडून बाजूच्या कातडीत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं. सूज येते, पू होतो. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी असं भारदस्त नाव आहे. अमेरिकेच्या सैन्यात आफ्रिकन वंशाच्या सैनिकांच्या बाबतीत हा विषय कित्येक दशकं चर्चेत आहे, कारण तिथेही तोच नियम: रोज गुळगुळीत दाढी. म्हणजे ज्याची दाढी जितकी 'चांगली' होईल, तितकी त्याची मान वाईट होईल. आणि उपाय म्हणून आपण काय सांगतो? अजून नीट कर!

ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तुझा काही दोष नाही. तू दुकानात गेलीस, सगळ्यात महाग ते उचललंस, आईनं दुसरं काय करायचं? माझा राग आहे तो 'सगळ्यात चांगला' या शब्दांवर.

हे शब्द कुठून आले त्याला थोडा इतिहास आहे. किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसानं 1901 साली अमेरिकेत कंपनी काढली. पातळ पत्र्याचं, बदलता येणारं ब्लेड ही त्याची कल्पना. 1903 साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि मग काय, जग त्याच्या मागे. पण पेटंटची मुदत संपते हो कधीतरी. दोन धारांचं ब्लेड कुणीही बनवायला लागलं आणि त्याचं माप जगभर एकच. जपानचं ब्लेड जर्मनीच्या रेझरमध्ये आणि ठाण्याचं ब्लेड इंग्लंडच्या रेझरमध्ये बिनबोभाट बसतं. गिऱ्हाइकाला मोकळीक, कंपनीला डोकेदुखी. मग 1971 साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, जे ज्याच्या-त्याच्या दांडीलाच बसतं. 1998 मध्ये तीन पाती झाली. 2003 मध्ये प्रतिस्पर्धी शिकनं चार केली. 2006 मध्ये जिलेटनं पाच. कोरियाच्या दोर्कोनं तर सहा-सातवर मजल नेली. आमच्या नातवंडांना बहुतेक किसणीनं दाढी करावी लागेल.

या सगळ्या चढाओढीत एक प्रश्न कुणी विचारला नाही: कुणाची दाढी?

या संदर्भात जिलेटचीच एक गोष्ट फार बोलकी आहे. 2002 साली त्यांनी भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर काढला. भारतीयांच्या दाढ्या दाट आणि दाढी रोज न करण्याची सवय, म्हणजे पात्यांत केस अडकणार. म्हणून त्यात अडकलेले केस ढकलून काढणारी एक पट्टी बसवली. आणि चाचणी कुणावर घेतली? बोस्टनच्या मुख्यालयाशेजारच्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. सगळी मुलं म्हणाली, झकास! इथे आणल्यावर मात्र लोकांना तो रुचेना. का, ते साहेबलोक इथे प्रत्यक्ष आल्यावर कळलं. त्या मुलांकडे नळाला धो धो पाणी होतं. आणि इथे लाखो माणसं मगभर पाण्यात दाढी उरकत होती. वाहत्या पाण्याशिवाय ती पट्टी काही कामाची नव्हती. दाढी भारतीय होती, पण पाणी बोस्टनचं होतं!

पुढे त्यांची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, लोक जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, छोट्या आरशात कशी दाढी करतात ते पाहिलं, आणि 2010 साली गार्ड नावाचा रेझर आणला. त्यात पाती किती? एक! किंमत पंधरा रुपये, वरचं कार्ट्रिज पाच रुपयांना. आणि तो भरपूर चालला. म्हणजे एकीकडे 'पाती पाच म्हणून दाढी उत्तम' असं सांगणाऱ्या कंपनीला, माणूस नीट पाहिल्यावर, एक पातं सुचलं. याहून मोठी कबुली मला तरी कुठे सापडली नाही.

इथवर वाचून आमच्या पंथातले लोक टाळ्या वाजवत असतील. पंथ म्हणजे जुना, जड, पितळी सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबणाचा वाडगा यांची पूजा करणारी आम्ही मंडळी. थांबा, टाळ्या नकोत. आता आपली पाळी आहे.

भाच्याच्या अठराव्या वाढदिवसाला मी त्याला काय दिलं होतं? जर्मन बनावटीचा दात्यांचा रेझर. आमच्या पंथात 'आक्रमक' म्हणून ज्याचा दबदबा आहे तो. आणि बरोबर जपानी फेदर ब्लेडांचं पाकीट, ज्यांची धार सगळ्यात तिखट अशी ख्याती आहे. वर एक तासाचं व्याख्यान: पुरुषानं दाढी अशी करावी, कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकचा कचरा, वगैरे वगैरे. पोरानं माझ्या शब्दाखातर चार दिवस केली. पाचव्या दिवशी हनुवटीवर असा काप गेला की शर्टाची कॉलर लाल झाली. त्यानं तो रेझर कपाटात ठेवला आणि मला काही बोलला नाही. त्यानंतर ताईनं पाच पात्यांचा आणला.

मला जो रेझर आवडतो तो मी त्याला दिला. माझी दाढी राठ, केस सरळ, कातडी म्हशीची, तीस वर्षांचा सराव. त्याची दाढी अजून मऊ, केस कुरळा, गळ्यावर दोन भोवरे, कातडी कोवळी. मी काही त्या जाहिरातवाल्यांपेक्षा वेगळा वागलो नाही. उलट जास्त वाईट, कारण जाहिरातवाल्यानं त्याचा चेहरा पाहिलेला नव्हता. मी तर पोराला कडेवर घेतलेला आहे.

आणि मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात हे शहाणपण होतं.

आमचे नाना, म्हणजे आजोबा, दाढीचं सामान एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. घरात तेव्हा दाढी करणारे तिघं: नाना, बाबा आणि काका. डब्यात ब्लेडं मात्र दोन प्रकारची. नानांना आणि काकांना टोपाझ, बाबांना सेव्हन-ओ-क्लॉक. लहानपणी मला वाटायचं हा मानापानाचा प्रकार असावा. एकदा विचारलं तर नाना म्हणाले, "तुझ्या बापाची दाढी म्हणजे ज्वारीचं धसकट. त्याला माझं ब्लेड ओढतं." बस्स. एवढं एक वाक्य. त्याच्याही आधीच्या काळात, पोलादाचं साधं ब्लेड गंजायचं तेव्हा, नाना ते काचेच्या पेल्यात आतून घासून पुन्हा धार आणत म्हणे. 1962 नंतर विल्किन्सननं स्टेनलेसची ब्लेडं आणली आणि पुढे तो खटाटोप थांबला.

पण नानांची आठवण वेगळ्याच कारणानं काढली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना दाढी करताना रोज कापायला लागलं. आम्ही म्हणायचो, वय झालं, हात थरथरतो. बाबांनी डबा काढून घेतला आणि रोज सकाळी त्यांची दाढी करायचं काम माझ्याकडे आलं. माझा हात तेव्हा तरणाबांड, अगदी स्थिर. तिसऱ्या दिवशी गालफडाखाली कापलंच. चौथ्या दिवशी पुन्हा. नाना डोळे मिटून म्हणाले, "आता माझा हात नाही ना रे?"

त्यांचा हात नव्हताच. चेहरा बदलला होता. गाल आत गेले होते, कातडी सैल पडली होती, आणि रेझर तोच जुना, दात्यांचा, पन्नास वर्षांपूर्वीच्या भरल्या गालांसाठी घेतलेला. शेजारच्या काकांकडून त्यांचा सरळ कडेचा मवाळ रेझर उसना आणला, ब्लेड नवं घातलं, एका हातानं कातडी ताणून धरली आणि कापणं थांबलं. नंतरची दीड वर्षं, शेवटपर्यंत, त्यांना एकदाही कापलं नाही. आणि आम्ही मात्र त्या माणसाला महिनाभर 'तुमचा हात थरथरतो' म्हणून ऐकवलं होतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: चांगलं ब्लेड असं काही नसतं. या दाढीला चांगलं, असं ब्लेड असतं. आणि ते ठरवायचा अधिकार त्या गालाला असतो. किमतीला नाही, पात्यांच्या संख्येला नाही, आणि मामाला तर मुळीच नाही.

'म्हणजे नक्की काय करायचं?' असं विचाराल, तर जे मला पटलंय ते सांगतो.

रेझर आणि ब्लेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेझर मवाळ की आक्रमक हे ठरतं ते ब्लेडची धार किती बाहेर डोकावते आणि धार व खालची कड यांत किती फट आहे यावर. ब्लेड असतं 0.1 मिलिमीटर जाडीचं, त्यामुळे ते किती घट्ट धरलंय यानंही फरक पडतो. सैल धरलं तर ते थरथरतं. दात्यांची कड असेल तर चार दिवसांची वाढलेली दाढी आणि साबण त्यातून सहज निघून जातो. रोज करणाऱ्याला त्याची गरज नसते.

लोकांची सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. दाढी राठ म्हणून रेझर आक्रमक घेतात, आणि कातडी नाजूक म्हणून ब्लेड बोथटसं घेतात. होतं काय, की ब्लेड केस ओढतं, ओढतं म्हणून माणूस दाब देतो, आणि दाब दिला की सोलतं. राठ दाढी आणि नाजूक कातडी असेल (आपल्याकडे ही जोडी भरपूर) तर उलट करा: मवाळ रेझर आणि तिखट ब्लेड. मऊ, विरळ दाढीला मवाळ रेझर आणि कुठलंही सौम्य ब्लेड पुरे. कुरळ्या दाढीला एकच पातं, केसाच्या दिशेनंच, कातडी न ताणता, आणि गुळगुळीतपणाचा हट्ट सोडून. वय झालेल्या सैल गालाला मात्र मवाळ रेझर, नवं ब्लेड आणि ताणून धरणारा दुसरा हात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ब्लेड बदला, कारण ते दोन-पाच रुपयांचं असतं. रेझर शेवटी. आणि सगळ्याच्या आधी पाणी! दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं दाढी भिजू द्या. भिजलेला केस फुगतो आणि सहज कापला जातो. रेझरच्या वजनावर काम सोडा, आपला जोर नको.

"आमचं ब्लेड दहा दिवस जातं, तुझं चारच कसं?" हाही वाद नको. 2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा साधारण पन्नास पट मऊ, तरी तो ब्लेडच्या धारेचे टवके उडवतो. कापताना केस वाकला आणि नेमक्या त्या जागी पोलादाचा पोत एकसारखा नसला, की टवका गेला. ब्लेड किती दिवस जाईल हे पाकिटावर लिहिता येत नाही ते उगीच नाही.

यावर काही आक्षेप येणार हे माहीत आहे. "सकाळी सात बावन्नची लोकल पकडायची असते, कुठे बसता भिजवत?" मान्य. ज्याचा केस सरळ आहे, ज्याला कार्ट्रिज सोसतं, त्यानं खुशाल वापरावं. माझं भांडण कार्ट्रिजशी नाहीच. "सेफ्टी रेझरनं कापतं हो!" कापतं, पहिले पंधरा दिवस, आणि त्याला तुरटी आहे. "मग ट्रिमर काय वाईट?" मुळीच नाही. काही दाढ्यांचं उत्तर ट्रिमरच असतं आणि काहींचं उत्तर न्हावी. वस्तऱ्याच्या दांडीत अर्धं ब्लेड मोडून घालणारा आमचा न्हावी खुर्चीत बसलेल्याचा गाल आधी बोटांनी चाचपतो, मग हात ठरवतो. रोज वीस वेगवेगळे गाल बघणाऱ्याला जे कळतं ते आम्हाला कळू नये?

भाच्याचं काय झालं? पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी महिनाभर ब्लेड बंद केलं, एक मिलिमीटरवर ट्रिमर सांगितला आणि तशी चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन साहेबांसमोर जायला तो तयार नव्हता, लाज वाटत होती. 'मला दाढी जमत नाही' हे कागदावर लिहून घेतल्यासारखं वाटत होतं त्याला. मी म्हटलं, चिठ्ठी नीट वाच, त्यात तुझ्या केसाबद्दल लिहिलंय, तुझ्याबद्दल नाही. साहेबांनी कुरकुर केली, पण चिठ्ठी ठेवून घेतली. आता पुरळ बरंच बसलंय, डाग आहेत अजून. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून मवाळ रेझर आणि एका पात्यानं, दिवसाआड सुरू करायचंय. आधीचे शेरे मात्र पुसले गेलेले नाहीत. मार्क किती जातात ते जूनमध्ये कळेल.

यावेळी मी त्याला काही विकत आणून दिलं नाही. माझ्या कपाटातली पाच प्रकारची ब्लेडं एका डबीत घालून दिली आणि म्हटलं, प्रत्येकानं चार-चार वेळा कर आणि तुझी मान काय म्हणते ते मला सांग. व्याख्यान दिलं नाही. (ताई, खरंच नाही दिलं. विचार त्याला.)

तो जर्मन रेझर त्यानं कपाटातून काढून मला परत केला. "तुलाच लागेल मामा," म्हणाला. सध्या माझी दाढी त्यानंच चालू आहे. गाल थोडे बसायला लागलेत माझेही. कापायला लागलं की कळेलच.

तुमच्या घरच्या डब्यात कोण कुठलं ब्लेड वापरतं, आणि का, ते जरूर लिहा. 'सगळ्यात चांगलं ब्लेड कुठलं' हे मात्र कृपा करून विचारू नका :)